आमचा क्लब, त्यांचे नाव

बेळगावात शिकायला आल्यापासून मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. गोव्याचा म्हटले की समोरचा म्हणतो, "म्हणजे फुटबॉल खेळत असशील!" आणि डिचोलीचा म्हटले, की ज्याला गोवा थोडाफार ठाऊक आहे तो म्हणतो, "डिचोलीत कुठला आलाय फुटबॉल? तो सगळा सासष्टीत." पहिल्याला मी काही सांगत नाही, कारण माझा खेळ पाहिल्यावर त्याचा तोच समजेल. दुसऱ्याला मात्र मी थांबवून घेतो. भारताचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवणाऱ्या संघाचे मूळ आमच्या डिचोलीत आहे, हे त्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हा लेख त्याच गोष्टीचा आहे. कन्नड विभागाच्या संपादकांनीही तो मागितला होता. आईच्या माहेरामुळे कन्नड मला लिहिता येते, मामांच्या घरी दिवसभर तीच बोलतो. पण शाळा मराठी झाल्यामुळे हिशेब आणि भांडण ही दोन्ही कामे मला मराठीतच सुचतात, आणि या लेखात दोन्ही आहेत.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने शिवोलीत तो पहिल्यांदा खेळवला असे सांगतात. शिवोली म्हणजे बार्देशचे टोक. समोर शापोरा नदी, आणि नदीपलीकडे पेडणे तालुका. एवढ्या जवळ चेंडू उडत असूनही तो नदी ओलांडायला पुष्कळ वर्षे लागली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. आम्ही 'नव्या काबिजादी'तले. फुटबॉल वाढला तो चर्च आणि चर्चच्या शाळा यांच्या अंगणात. आमच्याकडे देऊळ होते, भजन होते, दशावतार होता, सप्ताह होता. संध्याकाळी मोकळ्या झालेल्या पोरांनी चेंडूच्या मागे धावावे असे आमच्या वाडवडिलांना वाटण्याचे काही कारण नव्हते. आजही पेडण्याच्या पुष्कळ वाड्यांवर संध्याकाळी टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट अधिक दिसते, आणि उरलेल्या जागेत व्हॉलीबॉलची जाळी.

तरीसुद्धा डिचोलीत फुटबॉलचा एक संघ होता. गोवा मुक्त झाला त्या सुमाराचा. साठच्या दशकात डेंपो कुटुंबाने तो हाती घेतला. आमच्या डोंगरांत त्यांच्या खाणी होत्या. लोखंडाचे खनिज मांडवीतून बार्जेसने मुरगाव बंदरात जात होते आणि पैसा येत होता. आधी 'डेंपो सौझा लिमिताद' या नावाने संघ खेळला, आणि १९६८ मध्ये त्याचे 'डेंपो स्पोर्ट्स क्लब' झाले. नावात डिचोली राहिली नाही.

माझ्या आजोबांना हे मान्य नव्हते. मान्य नव्हते म्हणजे त्यांनी कुणाशी वाद घातला असे नाही; ते फक्त नाव घेत नसत. रेडिओवर सामन्याचे वर्णन लागले की म्हणायचे, "आमचो क्लब खेळता, दिवचलचो." मी लहानपणी खूप दिवस समजत होतो की आपल्या दिवचलचा आणखी एक क्लब आहे आणि तो कधीच हरत नाही. (हरला की आजोबा त्याला डेंपो म्हणत असावेत!)

आता या क्लबाने काय केले ते थोडक्यात सांगतो. कारण फुटबॉल न पाहणाऱ्या माझ्या वाणिज्य शाखेच्या मित्रांना त्याची कल्पना नसते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. आर्मांद कुलासो हे प्रशिक्षक असताना राष्ट्रीय फुटबॉल लीग २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये जिंकली. त्या लीगचे नाव 'आय-लीग' झाले तेव्हा तिचे पहिले विजेतेपद, २००७-०८ चे, यांचेच. मग २००९-१० आणि २०११-१२. मध्ये २००६ चा ड्यूरँड चषक. २००८ मध्ये आशियाई महासंघाच्या 'एएफसी चषका'त उपांत्य फेरी. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे आमच्या लहानपणी वह्यांच्या मागच्या पानांवर लिहिलेली असत. नायजेरियाचा रांटी मार्टिन्स गोल करी तेव्हा आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकाही त्याला आपला म्हणत. कोलकात्याच्या मोठ्या संघांना साठ-सत्तर हजार प्रेक्षकांपुढे हरवून येणारा संघ एका खाण-तालुक्यातून निघाला, ही गोष्ट लहान नाही.

या यादीत एक चषक मी मुद्दाम वगळला, कारण तो यादीत बसत नाही. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरूचे कंठीरव मैदान, फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. डेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची धडक झाली आणि तो पडला तो उठलाच नाही. पंचवीस वर्षांचा होता. डेंपोने सामना २-० असा जिंकला आणि त्याचा मृतदेह घेऊन संघ परतला. पुढे क्लबाने १० क्रमांकाची जर्सी कुणाला दिली नाही. मामा त्या काळात नोकरीनिमित्त बेंगळुरूत होते. ते फुटबॉलचे फारसे शौकीन नाहीत, पण त्या रात्री मैदानाजवळून बसने जाताना लोक रस्त्यावर गप्प उभे होते एवढे त्यांना आठवते. इतकी गर्दी आणि इतकी शांतता आपण पुन्हा पाहिली नाही, असे ते कन्नडमध्ये फार साध्या शब्दांत सांगतात. मला ते मराठीत तसे जमत नाही.

वाणिज्य शाखेत आल्यावर या क्लबाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आमच्या पाठ्यपुस्तकात 'नावलौकिक' नावाची एक मालमत्ता आहे. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, पण धंदा विकताना तिची किंमत मोजावी लागते. डिचोलीच्या संघाचा नावलौकिक किती होता आणि तो कुणी कुणाला दिला? ज्या पोरांनी अनवाणी खेळून तो संघ उभा केला, त्यांच्या खाती काय जमा झाले? मी असे हिशेब मांडू लागलो की आजोबांची बाजू मला पटू लागते.

पण हिशेबाला दुसरी बाजूही असतेच. २००९ मध्ये डेंपोंनी आपला खाण-व्यवसाय सेसा गोवा कंपनीला १,७५० कोटी रुपयांना विकला. खाणी गेल्या, यंत्रे गेली, कर्मचारी गेले. क्लब मात्र त्यांनी विकला नाही. कोणताही शहाणा हिशेबनीस त्यांना सांगेल की जे मिळवून देत होते ते विकले आणि जे खर्च करायला लावते ते ठेवले. फुटबॉलचा क्लब आपल्या देशात नफा देत नाही हे उघड आहे. २०१५ मध्ये हा संघ आय-लीगमधून खाली घसरला, पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून वर आला, आणि वर आल्याबरोबर २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांच्यासह राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. कारण नवी इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग खाली अशी जी रचना होणार होती ती त्यांना मान्य नव्हती. मैदानावर मिळवलेली जागा पैसे भरून मिळालेल्या जागेपेक्षा खालची कशी, असा तो प्रश्न होता. २०२४-२५ मध्ये ते आय-लीगमध्ये परतले. इतकी वर्षे हे सारे कुणी चालवले? डिचोलीने नाही. डिचोलीकडे राहिला असता तर तो संघ माझ्या मते १९७५ पर्यंतही टिकला नसता. हे मी आजोबांसमोर कधी बोललो नाही, आणि आता ते नाहीत.

ही सगळी चर्चा मला जुन्या इतिहासासाठी करायची नव्हती. आमच्या गावात गेल्या उन्हाळ्यात तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, फार लहान आकारात, म्हणून इतके लिहिले.

आमचे गाव खाणीच्या पट्ट्यातले. वडिलांचा टिप्पर होता, कर्जाचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पुढे काही काळ त्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद. टिप्पर अंगणात उभा राहिला. त्याच्या सावलीत कोंबड्या बसत. मग तो मिळेल त्या भावाला गेला आणि वडील बेळगावहून गोव्यात चोर्ला घाटाने येणारी भाजी आणू लागले, भाड्याच्या टेंपोतून. माझे इथले शिक्षण त्या भाजीवर चालले आहे.

खाण बंद पडली आणि गावात फुटबॉल वाढला. याला कारण आहे. ज्या पोरांनी पंधराव्या वर्षी ट्रकवर क्लीनर व्हायचे ती रिकामी झाली. खाणीची लाल माती पावसाबरोबर वाहून येऊन एका कुटुंबाचे शेत भरून गेले होते. तिथे ना सरदाचे पीक येई, ना वायंगणाचे. त्या काकांनी एके दिवशी सांगितले, "भात तर होत नाही, निदान तुम्ही तरी नाचा." पोरांनी तेच मैदान केले. बांध तोडले, रोलर नव्हता म्हणून सिमेंटचा पाईप माती भरून फिरवला, सुपारीच्या खांबांचे गोल उभे केले. त्या मैदानावर खेळून आलेला मुलगा दुरून ओळखू येतो. त्याचे पांढरे मोजे कधीच पांढरे होत नाहीत. आमच्या घरी अजून माझे जोड आईने वेगळ्या बादलीत ठेवलेले असतात.

खाणी संपल्यावर मैदान करण्याची कल्पना काही आमची एकट्यांची नाही. साखळीला सेसाची फुटबॉल अकादमी आहे, १९९९ पासूनची. तिचे मैदानही खणून संपलेल्या खाणीच्या जागेवर उभे आहे. तिथे हिरवे गवत आहे, वसतिगृह आहे, प्रशिक्षक आहेत. आमच्या पोरांपैकी एकजण तिथल्या निवडीला गेला होता. निवड झाली नाही, पण परत येऊन त्याने आम्हा सगळ्यांना सराव कसा करायचा ते शिकवले. चेंडूशिवाय अर्धा तास धावायचे, हे ऐकून आमचा बचावपटू संघ सोडून जाणार होता.

मी स्वतः राखीव खेळाडू. खरे काम जमाखर्चाचे. बारावीला वाणिज्य घेतले त्या दिवशीच वही माझ्या हातात आली. महिन्याला माणशी पन्नास रुपये वर्गणी, गणेश चतुर्थीला घरोघरची देणगी, आणि एका दशावताराच्या रात्री भजी-चहाचा स्टॉल, एवढे आमचे उत्पन्न. खर्चात सगळ्यात मोठी रक्कम चेंडूंची. लाल दगडाच्या मातीवर चेंडू एक मोसमही काढत नाही.

गेल्या मे महिन्यात पेडणे तालुक्यातल्या एका गावाच्या स्पर्धेत आम्ही गेलो. मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरतात. सामना चालू असताना ती इतकी खालून जात की पंचाची शिट्टी ऐकू येत नसे. उपांत्य सामना पेनल्टीवर जिंकलो. अंतिम सामन्यात मध्यंतराला एका गोलाने मागे होतो. दुसऱ्या डावात आमच्या टेंपोवाल्याच्या मुलाने कॉर्नरवरून डोक्याने बरोबरी केली आणि शेवटच्या पाच मिनिटांत ज्याचे शेत मैदान झाले आहे त्या काकांच्या नातवाने दुसरा गोल केला. चषक फार मोठा नव्हता. पण परतताना कोलवाळचा पूल येईपर्यंत कुणाचा आवाज उरला नव्हता.

चषक आला आणि त्याच्या मागोमाग देणारा आला. गावाचेच गृहस्थ, वाहतुकीचा धंदा. २०२२ मध्ये लिलाव झालेला डिचोलीचा खाणपट्टा २०२४ च्या एप्रिलपासून सुरू झाल्यावर त्यांच्या गाड्या पुन्हा धावू लागल्या आहेत. त्यांनी वर्षाला दोन लाख रुपये, सगळ्यांना बूट आणि पगारी प्रशिक्षक देऊ केला. गोवा फुटबॉल असोसिएशनकडे नोंदणी करून खालच्या विभागात उतरायचे तर पैसा लागतोच: नोंदणी, वैद्यकीय तपासणी, दूरच्या मैदानांपर्यंतचे भाडे. त्यांची अट एकच होती. क्लबाला त्यांच्या धंद्याचे नाव द्यायचे, आणि चिटणीस ते ठरवतील. अट एक म्हणाले, मी वहीत दोन लिहिल्या.

याच सुमारास मी आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलविषयी वाचले. तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा. चेंडू हातातही घेतात, संघात पंधराजण, गोलाच्या आडव्या खांबाखालून चेंडू गेला तर तीन गुण आणि वरून गेला तर त्याहून कमी. त्याची संस्था १८८४ मध्ये थर्ल्स गावी स्थापन झाली, म्हणजे आमच्या शिवोलीत चेंडू आला त्याच्या पुढच्या वर्षी. नवलाची गोष्ट ही, की तिथे खेळाडूला पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार लोकांसमोर खेळणारा माणूस सोमवारी सकाळी आपल्या शाळेत शिकवायला किंवा शेतावर हजर असतो. आणि तो खेळतो आपल्या गावासाठी. बहुतेकांचा जन्मभर एकच क्लब. गॉलवे परगण्यात कोरोफिन नावाचे छोटे खेडे आहे. त्याच्या क्लबाने अखिल आयर्लंड क्लब-विजेतेपद १९९८ आणि २०१५ मध्ये जिंकले, आणि मग २०१८, २०१९, २०२० असे सलग तीनदा, जे आधी कोणत्याच क्लबाला जमले नव्हते. खेळाडू गावचेच, नावही गावाचेच. मी हे मामांना सांगितले तर ते म्हणाले, "त्यांच्याकडे सव्वाशेहून अधिक वर्षांची संस्था पाठीशी आहे, तुमच्याकडे भज्यांचा स्टॉल आहे." मामा बँकेत होते.

सभा देवळाच्या सभामंडपात झाली. मी ताळेबंद वाचून दाखवला. जमा बाजूला ६,३४० रुपये, दोन चेंडू, एक चषक. मग वाद सुरू झाला आणि तो सोपा नव्हता, कारण दोन्हीकडची माणसे खरे बोलत होती. आमचा गोलरक्षक चोवीस वर्षांचा आहे. तो म्हणाला, "नाव राखून तुम्ही बसा, मला आणखी चार वर्षे आहेत. या चार वर्षांत म्हापशाच्या धुळेर मैदानावर एकदा तरी उतरलो नाही तर नावाचे मी काय करू?" याला उत्तर कुणाकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते. मी डेंपोंची गोष्ट सांगितली, दोन्ही बाजूंनी: नाव गेले नसते तर पाच विजेतेपदे आली नसती, आणि नाव गेले म्हणून आज डिचोलीच्या पोराला बेळगावात आपला क्लब कोणता ते समजावून सांगावे लागते. शेताचे काका शेवटी बोलले. ते म्हणाले, खाण आली तेव्हा कुणी विचारले नाही, बंद झाली तेव्हाही कुणी विचारले नाही, हे पहिल्यांदा कुणी विचारत आहे तर घाईने हो म्हणू नका आणि रागाने नाही म्हणू नका.

रात्री साडेअकराला ठराव झाला. छातीवर त्यांच्या धंद्याचे नाव घालू, मैदानाच्या कडेला फलक लावू, चषकाच्या बक्षीस-समारंभाला त्यांना अध्यक्ष करू. क्लबाचे नाव गावाचे राहील आणि चिटणीस सभा निवडेल. बाजूने एकोणीस, विरुद्ध अकरा. विरुद्ध अकरांत गोलरक्षक होता. सभेनंतर त्याने माझ्याशी बोलणे टाकले नाही, सतरंजी गुंडाळायला मदत केली आणि विचारले, "त्या आयरिश गोलरक्षकाला बूट तरी कोण देतो?"

पत्र मी लिहिले, मराठीत, दोन वेळा खरडून तिसऱ्यांदा सुवाच्य. 'आपल्या उदार सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत' इथून सुरुवात केली आणि दोन्ही अटींविषयी दुसऱ्या परिच्छेदात लिहिले. वडिलांनी ते भाजीच्या फेरीवरून परतताना त्यांच्या घरी पोचवले. मी बेळगावला निघालो तोपर्यंत उत्तर आले नव्हते. गोलरक्षकाचा परवा निरोप आला: पावसाने मैदानात घोट्याएवढी माती आली आहे, ती दसऱ्यापर्यंत काढायची आहे, सुट्टीला येताना मामांकडून दोन फावडी घेऊन ये.